दोन ॲम्प, स्टिरिओ कोरस-डिले आणि एका स्विचवर पुन्हा मोनो: वायरिंग कसं करावं?

बारा_फ्रेट (पुणे)

नमस्कार मंडळी. अमेरिकेतून परतताना सामानात माझा फेंडर ब्लूज ज्युनियर आणला. १५ वॉटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प, तिकडचाच, म्हणजे १२० व्होल्टवर चालणारा. इथे आल्यावर घरात हळू वाजवायला बॉस कटाना-५० घेतला. दोन ॲम्प शेजारी शेजारी दिसायला लागल्यावर डोक्यात किडा वळवळणारच. दोन्ही एकदम वाजवायचे, स्टिरिओत.

सध्या क्रम असा आहे: टेलिकास्टर, बॉस टीयू-३ ट्यूनर, आयबानेझ टीएस-९ (ड्राइव्ह, म्हणजे आवाज खरखरीत करणारं पेडल), बॉस सीई-२डब्ल्यू कोरस (आवाज हलता-दाट करणारं), बॉस डीडी-८ डिले (प्रतिध्वनी देणारं). कोरसचे ए आणि बी आउट डिलेच्या ए आणि बी इनमध्ये. डिलेचा ए ब्लूज ज्युनियरला, बी कटानाला. दोन्ही ॲम्प क्लीन, ड्राइव्ह फक्त टीएस-९ मधून.

हवंय ते एवढंच: ऱ्हिदमला फक्त ब्लूज ज्युनियर, कोरडा, म्हणजे इफेक्टशिवाय. एका स्विचवर पाय पडला की कोरस-डिलेसकट दोन्ही ॲम्प. पुन्हा पाय, पुन्हा एकच.

घोडं अडलंय ते असं. कोरस आणि डिले दोन्ही बंद केले तरी कटाना गप्प बसत नाही, कोरडा आवाज त्यातून येतच राहतो. शिवाय दोन्ही ॲम्प जोडले की सतत घूं चालू होतं, आणि एकेकटे लावले की दोघंही शांत. आणि तिसरं, दोन्ही कोरडे एकत्र वाजवले तर आवाज भरायच्या ऐवजी पातळ होतो. खालच्या ई तारेचा तर दमच निघून जातो.

एक मित्र म्हणाला, कटानाच्या प्लगची अर्थची पिन काढ, घूं जाईल. अजून काढलेली नाही. काढू का?

---

निषाद_कोमल (ठाणे)

स्पष्ट सांगू का? एवढी पेडलं, दोन ॲम्प, वर स्विचचा डबा... लाइन सिक्सचा एचएक्स स्टॉम्प घ्या, सगळे इफेक्ट एकाच डिजिटल डब्यात. स्टिरिओ आउट आहेत, एका स्नॅपशॉटला (साठवलेल्या सेटिंगला) उजवा आउट बंद ठेवा, दुसऱ्याला चालू. संध्याकाळच्या चहाआधी काम संपेल. माझा सीई-२डब्ल्यू मी केव्हाच विकला.

आणि अजून एक, रागावू नका. हॉलमध्ये स्टिरिओ ऐकतो तो फक्त मधल्या खुर्चीवरचा माणूस. डावीकडच्यांना डावा ॲम्प, उजवीकडच्यांना उजवा.

---

वायरमन_मिरज

बारा फ्रेट, पहिल्यांदा त्या पिनेचं. काढायची नाही. मित्राला माझ्याकडून दोन शब्द सुनवा.

मी सांगली-मिरज भागात ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळं, गणपतीचे मांडव यांचा साउंड बघतो आणि उरलेल्या वेळात ॲम्प उघडून बसतो. मिरजेत लांबून लोक येतात ते सतार-तंबोऱ्यासाठी, माझ्याकडे येतात ते जळके ट्रान्सफॉर्मर घेऊन. त्यामुळे या विषयावर जरा जास्त बोलेन, चालवून घ्या.

घूं कशामुळे होतं ते बघा. दोन्ही ॲम्पची चासी (आतला धातूचा सांगाडा) अर्थला जोडलेली असते. एक वाट प्लगमधून बोर्डात आणि बोर्डातून दुसऱ्या प्लगात. दुसरी वाट गिटारच्या केबलच्या जाळीतून: पहिल्या ॲम्पपासून पेडलबोर्डपर्यंत आणि तिथून दुसऱ्या ॲम्पपर्यंत. म्हणजे तारेचा एक मोठा बंद वेढा तयार झाला. आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं आणि मेनच्या वायरींचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र त्या वेढ्यात करंट पाडतं, तो करंट जाळीतून वाहतो, आणि जाळी हीच तुमच्या सिग्नलची परतीची वाट असल्यामुळे तो ॲम्पला गिटारसारखाच ऐकू येतो. एकेकटा ॲम्प लावला की वेढाच नाही, म्हणून शांत.

पिन काढली की वेढा तुटतो आणि घूं जातं, मित्र तेवढ्यापुरता बरोबर. पण आता कटानाची अर्थ कुठून? पॅच केबलच्या जाळीतून, पेडलांतून, ब्लूज ज्युनियरच्या प्लगातून. ती केबल कुणाच्या पायात अडकून निघाली की कटाना उघड्यावर. आत काही बिघडून फेज चासीला टेकला तर तो येतो तुमच्या तारांवर. तुमचा हात तारांवर आणि ओठ माइकला, माइक मिक्सरमधून अर्थला. पुढचं लिहीत नाही. तोडायची ती सिग्नलच्या बाजूची जोडणी, मेनच्या बाजूची कधीच नाही.

आता तुम्ही जे लिहिलंच नाही ते विचारतो. १२० व्होल्टच्या ॲम्पला स्टेप-डाउन (२३० चे १२० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर) कोणता लावलाय? बाजारात मिळणारे बरेचसे ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे आत एकच वाइंडिंग, मधून काढलेला फाटा. त्यात इनपुट आणि आउटपुट वेगळे नसतातच. समजा बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे आहेत (आपल्याकडे हे काही नवल नाही), तर आउटपुटच्या एका तारेवर अर्थच्या तुलनेत २३० आणि दुसरीवर ११० व्होल्ट असतात. मीटर दोन तारांमध्ये लावलात तर बिचारा १२० दाखवेल आणि तुम्ही निर्धास्त. त्यात आउटपुटचं सॉकेट दोन पिनांचं असेल तर ॲम्पला अर्थच नाही. तीन पिनांची अमेरिकन वायर त्यात ॲडॉप्टर लावून घुसवतात, मग तर बघायलाच नको.

तपासायला सोपं आहे. सगळं मेनपासून काढा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून स्टेप-डाउनच्या इनपुटची एक पिन आणि आउटपुटची एक पिन मोजा. थोडेच ओहम दाखवले तर ऑटो. काहीच दाखवलं नाही, चारही जोड्यांत, तर दोन वेगळी वाइंडिंग. मग इनपुटच्या अर्थ पिनपासून आउटपुटच्या अर्थच्या भोकापर्यंत बीप येतो का बघा. उत्तर इथे लिहा, मग पुढे.

निषादसाहेब, एचएक्स स्टॉम्प चांगलाच आहे, पण घूं त्याने जाणार नाही. डावा आणि उजवा आउट एकाच डब्यात एकाच ग्राउंडवर असतात, वेढा जागच्या जागी.

स्विचचं रात्री लिहितो, आत्ता लग्नाचा साउंड आहे.

---

मडगाव_टेली

तिसऱ्या अडचणीबद्दल मी लिहिते, तोपर्यंत मिरजकरांचं लग्न आटपू दे.

खालची ई बारीक होते म्हणजे दोन ॲम्पची पोलॅरिटी उलटी आहे: एकाच्या स्पीकरचा कोन बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. व्हॉल्व्हची जवळपास प्रत्येक पायरी सिग्नल उलटा करते, त्यामुळे आत किती पायऱ्या आहेत त्यावर स्पीकरचा कोन बाहेर येणार की आत जाणार हे ठरतं. यात कंपनीचा दोष काही नाही. फेंडर ट्विन रिव्हर्बमध्ये तर एकाच ॲम्पचे नॉर्मल आणि व्हायब्रेटो चॅनल एकमेकांना उलटे आहेत, कारण व्हायब्रेटोच्या वाटेत रिव्हर्ब मिसळायची एक पायरी जास्त. दोन्ही चॅनल जोडून वाजवायला गेलं की हाच पातळपणा.

पण तुमच्या बाबतीत नुसती पोलॅरिटी उलटवून सगळं भरून येईल असं मला वाटत नाही. कटाना डिजिटल आहे. आवाज आत आकड्यांत बदलून परत बाहेर काढायला अशा ॲम्पना थोडा वेळ लागतोच, एखाद-दुसरा मिलिसेकंद. व्हॉल्व्हला लागत नाही. एक मिलिसेकंद मागे असलेला तोच आवाज मिसळला की ५०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, मग १५०० ला, २५०० ला, असे पुढे. पोलॅरिटी उलटवली तर हे खड्डे दुसरीकडे सरकतात, नाहीसे होत नाहीत.

यावर फुकटचा उपाय म्हणजे टेप. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो. म्हणजे ब्लूज ज्युनियर एक-दीड फूट मागे सरकवा, त्याचा आवाजही तेवढाच उशिरा पोचेल. आधी पोलॅरिटी बरोबर करा, मग समोर उभं राहून कुणाला तरी ॲम्प इंचाइंचाने मागे ढकलायला सांगा आणि खालची ई छेडत राहा. जिथे पोटात लागते तिथे टेप चिकटवा.

कोरस चालू असताना मात्र याची फारशी काळजी नको, तिथे दोन बाजू वेगळ्याच असायला हव्यात. १९७५ च्या रोलंड जेसी-१२० मध्ये हीच युक्ती होती: एका स्पीकरला कोरडा आवाज, दुसऱ्याला हलता, मिश्रण हवेतच. पुढच्या वर्षी तेच सर्किट सीई-१ नावाने पेडलच्या डब्यात आलं आणि बॉसची पेडलं सुरू झाली. दोन आउटचा कोरस तेव्हापासूनचा आहे, त्यामुळे ‘स्टिरिओ ऐकतो कोण’ हे मला पटत नाही. डावीकडच्याला कोरडा आणि उजवीकडच्याला हलता आला तरी मधल्या हवेचं काय? आमच्याकडे चर्चच्या हॉलमध्ये दोन ॲम्प सहा-सात फुटांवर ठेवते, स्टेजच्या दोन टोकांना नाही. कोपऱ्यातल्या बाकावरही दोन्ही पोचतात. पिंगपाँग डिले (एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाजणारा) तेवढा तिथे वापरत नाही.

---

वायरमन_मिरज

मडगावच्या ताईंनी टेपचं लिहिलं ते सोन्यासारखं आहे.

आता स्विच. कटाना गप्प का बसत नाही? कारण पेडल बंद म्हणजे आउट बंद नव्हे. बंद असताना कोरस कोरडा सिग्नल ए आणि बी दोन्हीकडे सोडतो, आणि त्याच्या दृष्टीने तेच बरोबर आहे. स्टेजवर पेडल बंद केल्यावर अर्धा आवाज गायब झाला तर लोक शिव्या घालतील. तेव्हा बी ची वाट पेडलांच्या बाहेरच तोडावी लागते.

एक नऊ पायांचा पाय-स्विच घ्या, ३पीडीटी. तीन रांगा, प्रत्येकीत तीन पाय, मधला पाय समाईक. डब्याला जॅक सहा: इन, सेंड, रिटर्न ए, रिटर्न बी, आउट ए, आउट बी.

पहिल्या रांगेच्या मधल्या पायाला इन, म्हणजे टीएस-९ कडून येणारी वायर. दुसरीच्या मधल्याला आउट ए. तिसरीच्या मधल्याला आउट बी. वरचे तीन पाय अनुक्रमे सेंड, रिटर्न ए, रिटर्न बी. खालच्या पायांपैकी पहिले दोन एका तारेने एकमेकांना जोडा, तिसरा ग्राउंडला. झालं. स्विच वर असताना सिग्नल सेंडमधून कोरसला, कोरसमधून डिलेला आणि डिलेचे दोन्ही आउट दोन ॲम्पना. खाली असताना इन सरळ आउट ए ला आणि आउट बी ग्राउंडला टेकलेला, म्हणजे कटाना नुसता मुका नाही, खराखुरा शांत. बी ची वायर अधांतरी सोडली असती तर ती अँटेना झाली असती.

सेंड आणि दोन्ही रिटर्नवर ग्राउंडपर्यंत एकेक १ मेगओहमचा रेझिस्टर लावा, नाहीतर पाय मारला की ‘टप्’ होतं. एलईडी पाहिजे तर बारा पायांचा ४पीडीटी लागेल आणि ९ व्होल्ट आणावे लागतील. मी म्हणेन नको. दुसरा ॲम्प वाजतोय की नाही हे कळायला दिवा लागतो काय?

आता घूं. त्याच डब्यात आउट बी च्या वाटेवर १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, १० के ते १० के. प्रायमरीचं (सिग्नल आत येतो त्या वाइंडिंगचं) एक टोक स्विचच्या तिसऱ्या रांगेला, दुसरं डब्याच्या ग्राउंडला. सेकंडरीची (बाहेर जातो त्या वाइंडिंगची) दोन टोकं फक्त आउट बी च्या जॅकला: एक टिपला (सिग्नलच्या टोकाला), एक स्लीव्हला (ग्राउंडच्या कड्याला). आवाज चुंबकातून पलीकडे जातो, जाळी मात्र तिथे तुटते, वेढा संपला. टेलिफोनमधले ६०० ओहमवाले स्वस्त मिळतात, ते घेऊ नका, खालचे सूर खातात.

इथे एक गोष्ट नीट वाचा, कारण नेमकं इथेच काम फसतं आणि माणूस ट्रान्सफॉर्मरला दोष देतो. आउट बी चा जॅक प्लॅस्टिकच्या अंगाचा हवा. साधा धातूचा जॅक ॲल्युमिनियमच्या डब्यात नटाने आवळला की त्याची स्लीव्ह डब्याला टेकते, डबा ग्राउंडला, आणि तुम्ही एवढे पैसे घालून तोडलेली वाट नटातून पुन्हा जोडली गेली. सोल्डर मारून झाल्यावर आउट बी ची स्लीव्ह आणि डबा यांच्यात मीटर लावा, बीप यायला नको.

सेकंडरी मोकळी आहे तर तिचा आणखी फायदा घ्या. तिच्या दोन तारा सहा पायांच्या डीपीडीटी टॉगलमधून आडव्या-तिडव्या नेल्या की त्याच डब्यात पोलॅरिटीचा स्विचही झाला. ताईंनी सांगितलेली पहिली पायरी एका बोटावर.

ट्रान्सफॉर्मर बी लाच का? कारण त्याला जोमदार सिग्नल लागतो. गिटारच्या पिकअपनंतर थेट लावला तर वरचे सूर मरतात. तुमच्याकडे तो डीडी-८ च्या बफरनंतर (सिग्नलला जोर देणाऱ्या सर्किटनंतर) येतोय, उत्तम. ए ची वाट सरळ राहू द्या. तुमचा मुख्य आवाज कशातूनही गाळला जाणार नाही. टीयू-३ आणि टीएस-९ दोघंही बंद असताना बफर देतात, त्यामुळे लांब केबलचीही चिंता नाही.

डबा स्टेप-डाउनपासून आणि ॲम्पच्या पाठीपासून दोन-तीन फूट लांब ठेवा, हा छोटा ट्रान्सफॉर्मरही हवेतलं ५० हर्ट्झ पकडतो.

डबा करण्याआधी खात्री हवी असेल तर बेहरिंगरचा एचडी-४०० नावाचा छोटा डबा मिळतो, आत दोन ट्रान्सफॉर्मर, बॅटरी नाही, काही नाही. कुणाचा तरी उसना आणा आणि कटानाच्या वाटेत घाला. घूं गेलं तर निदान पक्कं. तयारच घ्यायचं तर लेह्लेचा पी-स्प्लिट आहे, एक आउट सरळ आणि एक ट्रान्सफॉर्मरमधून, पण तो नुसता वाटून देतो. तुम्हाला हवा तो स्टिरिओ लूप त्यात नाही.

मांडवात वाजवणार असाल तर शेवटचं: दोन्ही ॲम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. स्टेजच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे बोर्ड वेगवेगळ्या फेजवर असू शकतात, आणि दोन फेजमध्ये चारशेच्या वर व्होल्ट असतात. जनरेटरवर तर आधी विचारा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का.

---

बारा_फ्रेट (पुणे)

काका, तुम्ही आणि ताईंनी मिळून माझा आठवडा मार्गी लावला.

मोजलं. स्टेप-डाउन ऑटोच निघाला, इनपुट-आउटपुट थेट जोडलेले. आउटपुटचं सॉकेट दोन पिनांचं. म्हणजे ब्लूज ज्युनियरला आजवर अर्थ मिळत होती ती कटानाच्या प्लगातून, केबलच्या जाळीतून. हे वाचताना घाम फुटला. पण मग एक कोडं पडलं: ब्लूज ज्युनियरला अर्थ नव्हतीच तर वेढा कुठला आणि घूं कुठून?

दुसरं, डबा समजला, पण स्विच खाली मारल्यावर डिलेची शेपटी कापली जाईल ना? कडव्याच्या शेवटी ती विरत जायला हवी, तीच तर मजा.

---

वायरमन_मिरज

कोडं चांगलं आहे. वेढा नव्हता, पण ऑटो ट्रान्सफॉर्मरवरचा, अर्थ नसलेला ॲम्प स्वतःच्या चासीवर मेनचं थोडं व्होल्टेज घेऊन बसतो, आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंग आणि पत्र्यामधल्या कपॅसिटन्समुळे. कटाना जोडला की तो गळका करंट जाळीतून कटानाच्या अर्थकडे धावतो. ऐकायला घूंच. एकटा असताना जायला वाट नाही म्हणून गप्प. तारांना हात लावल्यावर कधी मुंग्या आल्यासारखं झालंय का? झालं असेल तर हेच.

त्यामुळे क्रम बदला. आधी दोन वाइंडिंगचा, तीन पिनांच्या आउटपुटचा स्टेप-डाउन. १५ वॉटच्या ॲम्पला ३०० व्हीए भरपूर. पुण्यात तपकीर गल्लीत बांधून देणारे भेटतील, फक्त ‘आयसोलेशन टाइप, अर्थ पुढे नेलेली’ असं सांगा आणि घेताना तिथेच मीटर लावा. ६० हर्ट्झसाठी बनलेला ॲम्प ५० वर जरा जास्त तापतो, म्हणून व्होल्टेज १२० च्या वर नको, ११५ मिळालं तर बरं. आता गंमत बघा, अर्थ नीट जोडली की खरा वेढा तयार होईल आणि घूं राहीलच, फक्त कारण वेगळं. तेव्हा डब्यातल्या ट्रान्सफॉर्मरचं काम टळलेलं नाही.

शेपटीचं: डिले डब्याच्या बाहेर काढा. डब्याच्या सेंड-रिटर्नमध्ये एकटा कोरस. डब्याचे आउट ए आणि बी डीडी-८ च्या दोन इनमध्ये, आणि डीडी-८ चा कॅरीओव्हर (पेडल बंद केल्यावरही शेपटी वाजू देणारी सोय) चालू. दोन्ही इनमध्ये जॅक असल्यामुळे स्विच खाली असताना बी कडे शांतता जाते आणि शांतताच बाहेर येते, पण आधी भरलेले डिले दोन्ही ॲम्पमध्ये विरत जातात. पाय मात्र दोनदा मारावा लागेल, कोरसला वेगळा आणि डिलेला वेगळा. ट्रान्सफॉर्मर, पोलॅरिटीचा टॉगल आणि तो प्लॅस्टिकचा जॅक अशा वेळी डीडी-८ च्या बी आउटनंतर, वेगळ्या छोट्या डब्यात. ते डब्यातच ठेवलंत तर डीडी-८ च्या पोटात दोन्ही जाळ्या पुन्हा एकत्र येतील.

---

निषाद_कोमल (ठाणे)

माघार. पण दोनदा पाय मारण्यापेक्षा स्नॅपशॉट बरा, एवढं लिहूनच जातो.

---

वायरमन_मिरज

या की एकदा मिरजेला, स्नॅपशॉट घेऊन.

बारा फ्रेट, स्टेप-डाउन येईपर्यंत ब्लूज ज्युनियर मेनला लावू नका, एकटासुद्धा नाही. तोवर डब्याला भोकं पाडून ठेवा. ॲल्युमिनियमवर साधं बिट पळतं, स्टेप ड्रिल आणा आणि आधी पंचाने खूण करा.